बडोद्याचे कीर्तिमंदिर आणि आपले पणजोबा

वसई-विरारहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी वैतरणा ओलांडते, डहाणूच्या चिकूवाड्या मागे टाकते, सुरतेस तापी व भडोचेस नर्मदा दाखविते आणि काही तासांत आपणांस बडोद्यास आणून सोडते. या शहराचे सरकारी नाव आता वडोदरा असे आहे. परंतु मराठी माणसाच्या तोंडी अद्याप बडोदे हेच नाव बसलेले आहे. गायकवाडांची ही राजधानी. येथे येणारा प्रवासी बहुधा १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सयाजीबागेत फेरफटका मारतो, वस्तुसंग्रहालय पाहतो, घरच्या मुलांसाठी हिरवा चिवडा बांधून घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. आम्हीही हे सारे केले. परंतु वाचकांस आज ज्या वास्तूविषयी सांगावयाचे आहे, तिच्याकडे प्रवाशांचे पाय सहसा वळत नाहीत. ती वास्तू म्हणजे विश्वामित्री नदीजवळचे कीर्तिमंदिर.

मंदिर हे नाव ऐकून कोणाची समजूत होईल की, येथे एखाद्या देवतेची पूजाअर्चा चालत असेल. तसे नाही. हे एका कुटुंबाने आपल्या मृत पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेले स्मारक आहे. महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९३६ साली ते बांधविले. सुमारे ३३ मीटर उंच शिखर, त्यावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा, असा त्याचा थाट आहे. आत गेल्यावर मात्र बाहेरच्या रहदारीचा आवाज मंदावतो आणि आपोआप पावले हळू पडू लागतात. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर शांतिनिकेतनचे विख्यात चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात मोठी भित्तिचित्रे रंगविली. एका भिंतीवर गंगावतरण आहे, दुसरीवर संत मीराबाईचे चरित्र, तिसरीवर रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकातील प्रसंग आणि चौथीवर महाभारतातील युद्ध.

या चारही चित्रांत आम्ही अधिक वेळ थांबलो ते गंगावतरणापुढे. भगीरथाची कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. अवघड कामास आपण सहज भगीरथ प्रयत्न म्हणून जातो. परंतु त्याने एवढे कष्ट कोणासाठी केले, याचा विचार आपण क्वचितच करतो. पुराणात सांगितलेली वंशावळ अशी : सगर राजाचा पुत्र असमंजस, त्याचा अंशुमान, त्याचा दिलीप आणि दिलीपाचा भगीरथ. शापाने भस्म होऊन पडलेले सगराचे साठ हजार पुत्र हे असमंजसाचे भाऊ. म्हणजे भगीरथ ज्यांच्या उद्धारासाठी तप करीत उभा राहिला, ते त्याचे आईबाप नव्हते, आजाआजीही नव्हते. ज्यांस त्याने कधी पाहिले नव्हते, अशा पणजोबांच्या भावंडांसाठी त्याने आयुष्य वेचले. पूर्वजांच्या स्मारकात हे चित्र किती योग्य स्थळी आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. दर नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा सांगावयास देणाऱ्या आपल्या घरांस या कथेतील भाव परका वाटू नये.

गायकवाड घराण्याच्या स्वतःच्या आठवणीतही एका पणजोबांचेच स्थान पहिले आहे. बडोद्याच्या राज्याचा पाया घालणारे पिलाजीराव गायकवाड हे मराठ्यांच्या गुजरातेतील स्वाऱ्यांत पुढे आले आणि १७३२ साली डाकोर येथे दग्याने मारले गेले. त्यांचे पणजोबा नंदाजी हे मावळातील एका किल्ल्यावर होते, अशी कथा या घराण्यात सांगतात. एके दिवशी किल्ल्याखालून कसायाने हाकून नेलेल्या गाई चालल्या होत्या. नंदाजींना दया आली. त्यांनी किल्ल्याचे बाजूचे लहान कवाड उघडले आणि त्या गाईंना आत घेऊन वाचविले. गाय आणि कवाड या दोन शब्दांवरून गायकवाड हे आडनाव पडले, असे म्हणतात. कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. आम्हांस त्यातून दुसरीच गोष्ट दिसली. या घराण्यात पुढे सेनापती झाले, राजे झाले, त्यांनी किल्ले जिंकले, राजवाडे बांधले. तरीही घराण्याने आपले नाव जोडून ठेवले ते एका पणजोबांनी उघडलेल्या लहानशा कवाडाशी. नंदाजींजवळ किती जमीन होती, किती घोडे होते, हे आज कोणी सांगत नाही. त्यांची दया तेवढी सांगतात.

वंशाची माहिती राखून ठेवण्याने काय घडू शकते, याचे मोठे उदाहरणही याच घराण्यात आहे. १८७५ च्या एप्रिल महिन्यात इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस गादीवरून दूर केले. त्यांच्या पूर्वी राज्य करणारे खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांस दत्तक पुत्र घेण्याची अनुमती मिळाली. मुलगा मात्र गायकवाडांच्याच रक्ताचा असावयास पाहिजे होता. राजवाड्यात तसा मुलगा नव्हता. पण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाच्या खेड्यात गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्यापासून निघालेली ही शाखा. मधे पाचसहा पिढ्या गेल्या होत्या. राजवैभवाशी त्या घरचा काही संबंध उरलेला नव्हता. नांगर, बैल आणि पाऊस हेच त्यांचे जग होते. परंतु आपण कोण, कोणाचे, हे त्या घराने विसरू दिले नव्हते. काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव आणि घरातील इतर मुले बडोद्यास आणली गेली. येथे कशासाठी आलास, असे विचारल्यावर गोपाळरावाने, राज्य करावयास आलो, असे बेधडक उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याचा सयाजीराव झाला.

तोपर्यंत या मुलास लिहितावाचता येत नव्हते. गुरूंनी त्यास अक्षरओळखीपासून शिकविले. १८८१ च्या अखेरीस राज्याचा पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये प्रथम अमरेली भागात आणि १९०६ पर्यंत सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले; १९१० पासून गावोगाव वाचनालये काढली. ज्याच्या घरच्यांनी नांगर धरला होता, त्याला शेतकऱ्याच्या मुलाची पाटी कोरी राहते याचे दुःख ठाऊक होते. आपले मूळ ओळखणाऱ्या माणसाच्या हातून असे काम होते. वृद्धपणी त्यांनी कीर्तिमंदिर उभारले ते मात्र सबंध राजघराण्याच्या स्मरणार्थ. दत्तक गेलेल्या पुत्राने दोन्ही घरांचे ऋण मानले, असा त्याचा अर्थ आम्ही घेतला.

एवढेच लिहून थांबलो, तर वाचकांस अर्धेच चित्र दाखविल्यासारखे होईल. कीर्तिमंदिरापासून फार दूर नसलेल्या सयाजीबागेत, जिला पूर्वी कमाटीबाग म्हणत, आणखी एक स्मरणस्थान आहे. त्यास संकल्पभूमी म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस १९१३ साली सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकावयास मिळाले. करारानुसार ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढा विद्वान तरुण. परंतु त्यांची जात कळताच या शहरात त्यांस राहावयास कोणी खोली देईना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी कसेबसे काही दिवस काढले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. मग ते या बागेत येऊन बसले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आपल्या बांधवांच्या स्थितीचा विचार करीत राहिले.

एकाच नगरीत, बेचाळीस वर्षांच्या अंतराने, दोघांना एकच प्रश्न विचारला गेला : तू कोणाच्या वंशातला? त्या प्रश्नाच्या उत्तराने एका मुलास सिंहासन मिळाले आणि दुसऱ्या तरुणास रस्त्यावर यावे लागले. ज्या राजाने त्यास विलायतेस पाठविले, त्या राजाचा हुकूमही त्याला एक खोली देववू शकला नाही. पूर्वजांची आठवण हे कृतज्ञतेचे साधन आहे. त्याच आठवणीची भिंत करून ती दुसऱ्याच्या आड उभी केली, म्हणजे ते पाप होते. हे आम्ही बडोद्याच्या लोकांस उद्देशून लिहीत नाही. आपल्या गावांत लग्नाची बोलणी चालतात तेव्हा घराण्याच्या उंचीनीचीच्या गोष्टी हळू आवाजात निघत नाहीत काय? बाप्तिस्म्याचे पाणी सर्वांच्या मस्तकांवर सारखेच पडले असताही आपण आळीआळीतला जुना भेद जपून ठेवतो, तेव्हा आपण पूर्वजांचे स्मरण करीत नसतो. त्यांच्या नावावर आपला गर्व पोसत असतो.

सायंकाळी आम्ही दांडियाबाजारात गेलो. ही बडोद्यातील मराठी वस्ती. गायकवाडांच्या अमलात दरबारच्या, कचेरीच्या आणि फौजेच्या चाकरीसाठी देशावरून व कोकणातून आलेल्या कुटुंबांचे वंशज येथे अद्याप नांदतात. मराठी बोलताना वाक्यात दोन गुजराती शब्द सहज मिसळतात. आमटीत गूळ थोडा अधिक पडतो. एका वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. आपले घराणे सहा पिढ्यांपूर्वी येथे आले, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मूळ गाव कोणते, असे विचारताच मात्र ते थांबले. वडिलांना ठाऊक होते, म्हणाले. लहानपणी त्यांनी दोनतीनदा सांगितलेही होते, पण तेव्हा खेळाकडे लक्ष होते. आणि वडील गेल्यास आता चाळीस वर्षे झाली. हे सांगताना त्यांच्या स्वरात जी खंत होती, ती आम्हांस पुष्कळ वेळ विसरता आली नाही. दस्तऐवज हरवला तर त्याची नक्कल कोठेतरी मिळण्याची आशा असते. माणसाबरोबर गेलेले नाव परत आणावे कोठून?

गुजरातेत हे काम पूर्वीपासून एका जातीकडे सोपविलेले आहे. त्यांस वहीवंचा बारोट म्हणतात. वहीवंचा म्हणजे वही वाचणारा. काही वर्षांच्या अंतराने बारोट आपल्या यजमानांच्या घरी येतो, जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवितो आणि मागच्या पिढ्या वाचून दाखवितो. १९५८ साली ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ या दोघा अभ्यासकांनी या बारोटांवर लेख लिहून त्यांची परंपरा जगाच्या नजरेस आणली. आपल्या महाराष्ट्रातही दक्षिणेकडील जिल्ह्यांत हेळवी दारोदार येऊन कुळाची नामावळी म्हणत असत, आणि त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत.

मग आपल्या ख्रिस्ती घरांचा बारोट कोण? तो आपल्या चर्चच्या कपाटात बसलेला आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही ठेवण्याचा नियम घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची नोंदवहीही सांगितली. या वह्यांचा एक मोठा गुण आहे. त्यांत राजा व कूळ असा भेद नाही. खाजणात मीठ पिकविणाऱ्याचे मूल आणि वाडीच्या मालकाचे मूल एकाच पानावर, एकाच शाईत लिहिलेले असते : मुलाचे नाव, जन्माचा व बाप्तिस्म्याचा दिवस, बाप, आई, धर्मपिता, धर्ममाता. आईचेही नाव असते, हे विशेष. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असतात. पण थोड्या सरावाने नाव व तारीख उमगते, आणि आपले फादर साहाय्य करतातच. कीर्तिमंदिर बांधावयास राजाची तिजोरी लागली. आपणां गरिबांचे कीर्तिमंदिर ख्रिस्तसभेने अशा रीतीने केव्हाच बांधून ठेवले आहे; त्याचे दार उघडण्याचे काय ते राहिले आहे.

आपल्या बाजूस या कामाची गरज इतरांहून अधिक आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई प्रांत पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. त्या काळी बाप्तिस्म्याबरोबर नवीन नावे व आडनावे आली, आणि पूर्वीची नावे बहुतेक घरांत लोपली. म्हणून दोन डिसोजा एका रक्ताचे असतीलच, असे नाही. आणि एक परेरा व दुसरा लोपीस यांचे मूळ एकही असू शकेल. आपल्याकडे घराची खरी ओळख आळीवरून, धंद्यावरून किंवा आजोबांच्या टोपणनावावरून होत असे. ही ओळख कोणत्याही सरकारी कागदावर नाही. ती केवळ म्हाताऱ्या माणसांच्या मुखी आहे, आणि म्हातारी माणसे एकेक करून निघून जात आहेत.

वाचकांनी एक लहानसा हिशेब करून पाहावा. आपणांस आईबाप दोन, आजाआजी चार आणि पणजोबापणजी मिळून आठ. या आठांपैकी किती जणांची नावे आपणांस सांगता येतील? पुष्कळांना एकच येते. बापाच्या बापाच्या बापाचे. ते नाव शेतीच्या कागदांवर राहते म्हणून येते. उरलेल्या सातांत चार स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी कोणी पहाटे उठून मोट धरणाऱ्यास भाकर दिली असेल. कोणी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दूरच्या बाजारापर्यंत चालत गेली असेल. कोणी साथीच्या तापात दोन मुले पुरून तिसऱ्यास वाढविले असेल, आणि तो तिसरा म्हणजे आपला आजा. तिच्याविना आपण नसतो. पण तिचे माहेरचे नाव, तिचे गाव घरात एकासही सांगता येत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. घरात शंभर पानी वही आणावी. पहिल्या पानावर मुलांची नावे लिहून मागे चालत जावे. प्रत्येक नावापुढे जन्मगाव, धंदा, लग्नाचे व मृत्यूचे वर्ष लिहावे. प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिचे माहेरचे नाव व तिच्या आईबापांची नावे अवश्य घालावीत. प्रथम घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. त्यांस एकदम वंशावळ विचारू नये, ती त्यांना सांगता येणार नाही. त्यांच्या लग्नात मांडव कोठे घातला होता, विहीर कोणी खणली, आजीला कोणत्या नावाने हाक मारीत, असे विचारावे; नावे आपोआप बाहेर पडतात. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. त्यात त्यांचा आवाज साठवून ठेवावा. पणतवंडांस तो ऐकावयास मिळेल. त्यानंतर चर्चमधील नोंदवह्या, दफनभूमीतील क्रूसांवरील अक्षरे आणि तलाठ्याकडील फेरफाराच्या नोंदी यांशी ती माहिती ताडून पाहावी. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहावीत. हे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी मे महिन्याच्या सुटीत सहज करावे.

शोध घेताना क्वचित अप्रिय गोष्टीही हाती लागतील. कोणी पणजोबा दारूपायी जमीन घालवून बसलेले आढळतील. कोणा भावांचे बांधावरून वैर झालेले असेल. एखाद्या मुलाच्या बापाचे नाव नोंदवहीत नसेल. अशा वेळी वही मिटू नये. संत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच प्रभूची वंशावळ दिली आहे. चौदा चौदा पिढ्यांचे तीन भाग त्याने मोजले, आणि त्यांत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी या स्त्रियांचा मुद्दाम उल्लेख केला. त्यांत परदेशी आहेत, ज्यांच्या मागे लोकापवाद होता अशाही आहेत. प्रत्यक्ष तारणाऱ्याच्या वंशावळीत त्यांना लपविले नाही, तर आपण आपल्या पणजोबांची लाज का बाळगावी? त्यांच्या चुका ठाऊक असलेला मुलगा त्या टाळील, आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही अधिक मनापासून करील.

कवळाण्याच्या त्या शेतकऱ्याच्या घरी, आपला मुलगा राजा होईल, या आशेने कोणी पिढ्या पाठ केल्या नव्हत्या. आपण कोण, हे मुलांस ठाऊक असावे, इतकाच त्यांचा हेतू होता. आपल्याही मुलांस ही ओळख मिळाली पाहिजे. येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावावयास जाण्यापूर्वी आपल्या आठ पणजोबापणजींची नावे कागदावर लिहून पाहावीत. जेवढी सापडतील तेवढी नावे घेऊन त्या सायंकाळी घरच्या रोझरीत एक ‘हे आमच्या बापा’ म्हणावे. आणि जी सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक. त्यांची नावे आपण विसरलो, तरी परमेश्वर विसरलेला नाही.